पेशीचा कारभार

लालबाग, परळ, काळाचौकी, चिंचपोकळी हा मुंबईचा भाग एके काळी गिरणगाव या नावाने ओळखला जात असे. पहाटे भोंगा झाला की चाळींचे जिने पावलांच्या आवाजाने भरून जात आणि पहिल्या पाळीचे कामगार फाटकांकडे चालू लागत. १८ जानेवारी १९८२ रोजी येथे कापड गिरण्यांचा मोठा संप सुरू झाला. सुमारे अडीच लक्ष कामगार त्यात उतरले होते. पुढे बहुतेक गिरण्या एकामागून एक बंद पडल्या, आणि त्यांच्या जागी उंच इमारती उभ्या राहिल्या. तरी तुमच्या घरी किंवा शेजारी गिरणीत काम केलेले एखादे आजोबा असतील, तर त्यांना एक प्रश्न अवश्य विचारा. कापसाची गासडी फाटकातून आत आली, म्हणजे पुढे तिचे काय होत असे?

आजोबा सांगतील की, प्रथम गासडी फोडून कापूस मोकळा करीत. मग तो पिंजून स्वच्छ करीत, त्याचे पेळू होत, पेळूंचे सूत निघे, आणि ते सूत बाबिनींवर गुंडाळले जाई. या बाबिनी साचाखात्यात गेल्या की मागांवर कापड विणले जाई. नंतर धुलाई, रंग, घडी, शिक्का, आणि शेवटी तागे गोदामात. प्रत्येक कामाचे खाते निराळे, जागा निराळी, माणसे निराळी. परंतु आजोबांना आणखी थोडे बोलते केले, तर ते एक गोष्ट हमखास सांगतील. एका खात्याचा माल दुसऱ्या खात्यात वेळेवर पोचला नाही, तर दोन्ही खात्यांचा खोळंबा होई. सूत उत्तम आहे, साचे उत्तम आहेत, विणकरही हुशार आहेत. पण बाबिनींची गाडी वाटेत अडकून पडली, तर कापड निघावे कोठून? गिरणीच्या गोष्टींत कातणाऱ्यांची आणि विणणाऱ्यांची आठवण निघते, गाड्या ढकलणाऱ्यांची फारशी निघत नाही. मला हा अन्यायच वाटतो.

या पाठात आपण अशाच गाड्या ढकलणाऱ्यांचा विचार करणार आहोत. मात्र हे हमाल गिरणीतले नव्हेत, तुमच्या शरीरातले आहेत. शरीराच्या पेशींत निरनिराळी खाती आहेत, माल नेण्याआणण्याचे मार्ग आहेत, आणि त्या मार्गांवरून ओझी वाहणारे हमालही आहेत. हे वाक्य तुम्ही वाचत आहात, त्या क्षणीही ते कामावर आहेत.

पेशीचा शोध लागला तो अगदी निराळ्या रूपात. इंग्लंडमध्ये रॉबर्ट हूक नावाच्या शास्त्रज्ञाने बुचाचा एक पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून पाहिला. त्यास तेथे एकाला एक लागून असलेल्या असंख्य चौकटी दिसल्या. मठातील साधू ज्या लहान कोठड्यांत राहतात, त्यांची त्याला आठवण झाली, आणि त्याने या चौकटींना ‘सेल’ म्हणजे कोठडी असे नाव दिले. १६६५ साली त्याने ही हकीकत प्रसिद्ध केली. परंतु बूच हे झाडाच्या मृत सालीचे असते. हूकने पाहिल्या त्या केवळ भिंती. आतला जिवंत द्रव केव्हाच नाहीसा झालेला होता. रिकाम्या चाळीच्या खोल्या पाहून तेथे नांदलेल्या संसारांची कल्पना कशी यावी?

पुढे जिवंत पेशी पाहणारांना भिंतींच्या आत एक चिकट, पारदर्शक द्रव आढळला. त्याच्या मध्यभागी एक गडद गोळा होता. बाकी सारे कापडाला लावतात त्या खळीसारखे एकजिनसी असावे, असे पुष्कळांना बराच काळ वाटत होते. यात त्यांचा दोष नव्हता, कारण पेशी फारच लहान असते. मोजपट्टीवर मिलिमीटरच्या बारीक रेघा असतात, त्या तुम्ही पाहिल्या आहेत. एका मिलिमीटरचे एक हजार समान भाग केले, तर त्यांतील एका भागास मायक्रोमीटर म्हणतात. माणसाच्या बहुतेक पेशींची रुंदी दहा ते तीस मायक्रोमीटर इतकीच भरते. म्हणजे दोन रेघांमधील जागेत अशा पन्नास पेशी ओळीने सहज बसतील! त्या एका पेशीच्या आतील खाती दिसावयाची, तर साध्या सूक्ष्मदर्शकाचे काम नव्हे. विसाव्या शतकाच्या मध्यास इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाचा उपयोग पेशींसाठी होऊ लागला, तेव्हा कोठे ‘खळ’ म्हणून समजले गेलेले ते द्रव्य म्हणजे एक गजबजलेली वस्ती आहे, हे दिसून आले.

पण त्या सूक्ष्मदर्शकाखाली पेशी ठेवावयाची, तर ती आधी मारावी लागते. जिवंत पेशीचे वागणे पाहावयाचे असेल, तर ती शरीराबाहेर, काचेच्या भांड्यात, योग्य पोषणद्रव्य आणि योग्य उष्णता देऊन वाढवावी लागते. या विद्येस ऊतिसंवर्धन म्हणतात. हे काम आपल्या देशात प्रथम मोठ्या निष्ठेने झाले, ते लालबागेतून पायी जाता येईल इतक्या अंतरावर, परळ येथे. टाटा स्मारक रुग्णालय तेथे १९४१ साली सुरू झाले होते. १९५२ साली परळलाच भारतीय कर्करोग संशोधन केंद्र स्थापन झाले, आणि डॉ. वसंत रामजी खानोलकर त्याचे पहिले संचालक झाले. त्यांच्या विद्यार्थिनी डॉ. कमल रणदिवे यांचा जन्म पुण्याचा, १९१७ सालचा. त्यांनी या केंद्रात देशातील पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभारली. कर्करोग म्हणजे पेशीने आपली शिस्त मोडून बेसुमार वाढत सुटणे. ती शिस्त का मोडते, हे शोधण्यासाठी आधी शिस्तीने चालणारी पेशी नीट ओळखीची झाली पाहिजे, हे त्यांनी जाणले होते. एकीकडे गिरण्यांची धुरांडी धूर सोडीत होती, आणि दुसरीकडे काचेच्या लहानशा भांड्यांत जिवंत पेशी जपल्या जात होत्या.

आता पेशीच्या आत शिरू या. सारी खाती एकदम पाहिली, तर नावे तेवढी पाठ होतात. म्हणून आपण गासडीप्रमाणे एकाच मालाचा माग काढू.

तुम्ही जेवलात. अन्न आतड्यात गेले की ते पचविण्यासाठी स्वादुपिंडाकडून पाचकरस येतो. त्या रसात ट्रिप्सिन नावाचे एक प्रथिन असते. मांस, डाळ, दूध यांतील प्रथिनांचे तुकडे करणे हे त्याचे काम. हे ट्रिप्सिन स्वादुपिंडाच्या पेशीत तयार होते. येथेच एक गंमतीचा, पण कठीण प्रश्न उभा राहतो. पेशीच्या घडणीतही प्रथिने पुष्कळ असतात. मग प्रथिने कापणारी ही कात्री जिच्या घरात तयार होते, त्या पेशीलाच ती कापून का टाकीत नाही?

याचे उत्तर पेशीच्या व्यवस्थेत आहे. प्रथिन कसे घडवावे याचा नमुना केंद्रकात जपून ठेवलेला असतो. केंद्रक म्हणजे पूर्वीच्या शास्त्रज्ञांना दिसलेला तो मधला गडद गोळा. त्यातील डीएनएचा धागा सरळ केला, तर तो सुमारे दोन मीटर लांब भरेल. मूळ नमुना केंद्रकाबाहेर कधी जात नाही. हव्या त्या भागाची नक्कल तेवढी बाहेर पाठविली जाते. ती नक्कल रायबोझोम नावाच्या सूक्ष्म यंत्रात शिरते, आणि यंत्र तिच्याबरहुकूम प्रथिन घडवू लागते. बाहेर पाठवावयाचे प्रथिन असेल, तर हे रायबोझोम आंतर्द्रव्यजालिकेच्या पडद्याला जाऊन चिकटतात. आंतर्द्रव्यजालिका हे घड्याघड्यांच्या पडद्यांचे विस्तीर्ण जाळे असते. प्रथिन तयार होता होताच त्या पडद्यातून पलीकडे, जाळ्याच्या आत उतरते. म्हणजे ते जन्मल्या क्षणापासून पेशीच्या मोकळ्या द्रवात येतच नाही. शिवाय ते अर्धवट रूपात घडविलेले असते. कात्रीची पाती जणू दोऱ्याने बांधून ठेवलेली असतात, आणि तो दोरा सुटतो तो आतड्यात पोचल्यावर.

तेथून ते प्रथिन एका लहानशा पुटिकेत, म्हणजे पातळ पडद्याच्या पिशवीत, बंद होते आणि गॉल्गी संकुलाकडे जाते. इटलीच्या कामिल्लो गॉल्गी या शास्त्रज्ञाने १८९८ साली या भागाचे वर्णन केले, म्हणून त्याचे हे नाव. तो ताटल्यांच्या चवडीसारखा दिसतो. गिरणीच्या घडीखात्यात कापडाची पाहणी होई, घडी पडे आणि शिक्का बसे. तसेच काहीसे येथे चालते. प्रथिनावर शेवटचा हात फिरतो, निरनिराळ्या ठिकाणी जाणारा माल वेगळा काढला जातो, आणि त्याची पुटिकांत बांधणी होते. शेवटी भरलेल्या पुटिका पेशीच्या कडेला साठवून ठेवल्या जातात. जेवणाची वर्दी आली की त्या पेशीच्या पडद्याशी एकजीव होतात आणि आतला माल बाहेर सोडतात.

हा सारा प्रवास केवळ तर्काने ठरविलेला नाही. जॉर्ज पॅलेड आणि जेम्स जेमिसन या शास्त्रज्ञांनी तो अमेरिकेत प्रत्यक्ष पाहिला. १९६७ साली त्यांनी आपले प्रयोग प्रसिद्ध केले. गिनीपिगच्या स्वादुपिंडाच्या पेशींना त्यांनी काही मिनिटेच किरणोत्सर्गी घटकद्रव्य दिले, आणि नंतर साधे द्रव्य दिले. त्यामुळे त्या थोड्या मिनिटांत तयार झालेल्या प्रथिनावर एक खूण बसली. नंतर ठरावीक वेळाने पेशी पाहिल्या, तेव्हा तीन मिनिटांनी खूण असलेला माल आंतर्द्रव्यजालिकेत होता, सुमारे वीस मिनिटांनी गॉल्गी संकुलाच्या आसपास होता, आणि दोन तासांनी कडेच्या पुटिकांत जाऊन बसला होता. एका ताग्याला रंगीत दोरा बांधावा आणि तो कोणत्या वेळी कोणत्या खात्यात आहे हे पाहत जावे, तसाच हा प्रकार झाला. पॅलेड यांना १९७४ साली नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांच्याबरोबर ते ज्या दोघांना मिळाले, त्यांपैकी क्रिस्तियाँ द दुव्ह यांनी १९५५ साली लयकारिका शोधून काढल्या होत्या. लयकारिका म्हणजे पाचक द्रव्यांनी भरलेल्या बंद पिशव्या. पेशीतील टाकाऊ वस्तू आणि पेशीने गिळलेले जंतू त्यांत नेऊन विरघळविले जातात.

राहता राहिल्या तंतुकणिका. त्या अन्नापासून एटीपी नावाचे द्रव्य तयार करतात, आणि पेशीतील बहुतेक कामे त्या एटीपीच्या शक्तीवर चालतात. हमालांची मजुरीही त्यातच चुकती होते. ते पुढे येईलच.

येथे कोणी चौकस विद्यार्थी विचारील, “गुरुजी, कोणता माल कोठे न्यावयाचा, हे पेशीला कसे कळते?” मुंबईच्या डबेवाल्यांच्या डब्यांवर रंगीत खुणा, आकडे आणि अक्षरे असतात. डबा कोणत्या स्थानकावर उतरवावयाचा आणि कोणत्या इमारतीत पोचवावयाचा, हे त्या खुणा सांगतात. आत कोणाच्या घरची भाजी आहे, हे डबेवाल्यास ठाऊक असण्याचे कारण नाही. प्रथिनांवरही अशाच पत्त्याच्या खुणा असतात. प्रथिनाच्या रचनेतीलच एक लहानसा तुकडा हा त्याचा पत्ता असतो. गुंटर ब्लोबेल यांनी हे दाखवून दिले, आणि त्याबद्दल त्यांना १९९९ साली नोबेल पारितोषिक देण्यात आले. पत्ता चुकला, तर उत्तम घडलेले प्रथिनही निरुपयोगी ठरते. काही आनुवंशिक रोगांत प्रथिन तयार झालेले असते, पण ते योग्य जागी पोचत नाही.

आता हमालांकडे वळू. खरे तर लहान अंतरासाठी हमालाची गरजच नसते. द्रवातील सूक्ष्म कण एकमेकांना सतत धक्के देत असतात, आणि त्या धक्क्यांनी इकडे तिकडे पसरत जातात. यास विसरण म्हणतात. गणेशोत्सवात लालबागच्या गर्दीत सापडलेला मनुष्य जसा कधी पुढे, कधी मागे, कधी बाजूला लोटला जातो, तशी त्या कणांची स्थिती असते. एवढ्याशा खोलीत असा मनुष्य केव्हा ना केव्हा पलीकडच्या भिंतीला लागेलच. पण केवळ गर्दीच्या धक्क्यांवर विसंबून तो लालबागेहून दादरला केव्हा पोचणार? विसरणाचा नियम मोठा कठोर आहे. अंतर दहापट वाढले की वेळ दहापट लागत नाही, शंभरपट लागतो. प्रथिनाच्या एका कणास दहा मायक्रोमीटर अंतर ओलांडण्यास सुमारे पाच सेकंद लागतात, असे धरा. त्याच कणाला एक मीटर जावयाचे असेल, तर अंतर एक लक्ष पट झाले. वेळ किती पट होईल? वहीत मांडून पाहा. उत्तर दीड हजार वर्षांच्या घरात जाते!

आणि एक मीटर लांबीची पेशी असते काय? होय, असते. तुमच्या पाठीच्या कण्यातून निघून पायाच्या पंजापर्यंत गेलेल्या चेतापेशी अशाच आहेत. त्यांचे मुख्य अंग कण्यात असते आणि तेथून दोऱ्यासारखा एक तंतू निघून थेट पायापर्यंत जातो. यास अक्षतंतू म्हणतात. मोठ्या माणसात तो सुमारे एक मीटर लांब असू शकतो. केंद्रक कण्याजवळ, बहुतेक प्रथिने तयार होण्याची जागाही तेथेच, आणि तो माल लागतो मात्र अंगठ्याच्या टोकाला. वाहतूक नसती, तर तुम्हाला पायाचे बोटसुद्धा हलविता आले नसते.

म्हणून पेशीत मार्ग आखलेले असतात. या मार्गांना सूक्ष्मनलिका म्हणतात. एका नलिकेची जाडी पंचवीस नॅनोमीटर असते. नॅनोमीटर म्हणजे मायक्रोमीटरचा हजारावा भाग. अक्षतंतूत अशा नलिका लांबीला समांतर मांडलेल्या असतात. १९८५ साली रोनाल्ड व्हेल, थॉमस रीस आणि मायकेल शीट्झ या शास्त्रज्ञांनी या मार्गावरील एक हमाल शोधून काढला. माकूळ नावाचा जो मऊ, दहा हातांचा प्राणी मासळीबाजारात मिळतो, त्याच्या शरीरात फार जाड अक्षतंतू असतात. त्यांतील द्रव्यावर हे प्रयोग झाले. हमालाचे नाव त्यांनी काइनेसिन ठेवले. हाही एक प्रथिनाचाच रेणू आहे. त्याला दोन पाय असतात, आणि वरच्या टोकाला तो पुटिका धरतो. एक पाय नलिकेवर घट्ट रोवून दुसरा पुढे टाकीत तो चालतो. त्याचे प्रत्येक पाऊल आठ नॅनोमीटरचे असते, आणि प्रत्येक पावलाला एटीपीचा एक कण खर्ची पडतो. चेतापेशीतील असे चपळ हमाल एका सेकंदात शेकडो पावले टाकतात. या वेगवान वाहतुकीने माल दिवसाकाठी दोनशे ते चारशे मिलिमीटर अंतर कापतो, म्हणजे एक मीटरचा प्रवास तीन ते पाच दिवसांत उरकतो. दीड हजार वर्षे कोठे, आणि पाच दिवस कोठे!

काइनेसिन बहुधा केंद्रकाकडून टोकाकडे जातो. परतीचा माल आणणारा हमाल निराळा. त्याचे नाव डायनीन. जुन्या झालेल्या पुटिका, मोडक्या वस्तू, टोकाकडील निरोप हे सारे तो कण्याकडे घेऊन येतो. या डायनीनची एक हकीकत मुंबईतच उलगडली. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत डॉ. रूप मल्लिक आणि त्यांचे विद्यार्थी लेसर किरणांचा चिमटा करून पेशीच्या आतील ओझी धरून पाहत असत. एकटा डायनीन फार दुबळा असतो. काइनेसिन त्याच्या कित्येक पट बलवान. असे असूनही पेशीने गिळलेल्या जंतूसारखी अवजड ओझी डायनीनच ओढतात, हे कसे? त्यांना असे आढळले की, भार वाढला की पुढे असलेले डायनीन आपली पावले आखूड करतात. त्यामुळे मागे पडलेले त्यांना गाठतात, आणि सगळे एकत्र येऊन जोर लावतात. भरलेली हातगाडी चढावर ओढताना पुढचा गडी पाऊल लहान करतो आणि मागचे खांदा लावतात, हे तुम्ही रस्त्यात पाहिले असेल. या संशोधनाबद्दल डॉ. मल्लिक यांना २०१८ साली इन्फोसिस पारितोषिक मिळाले.

येथवर आपण गिरणीचा दाखला देत आलो. पण दाखला शेवटी दाखलाच. गिरणीत जॉबर असे, व्यवस्थापक असे. माल अडला की कोणी तरी ओरडत असे. पेशीत पाहणारा कोणीच नाही. काइनेसिनला डोळे नाहीत, त्याला पत्ता वाचता येत नाही, थकवा येत नाही. दोन आकार एकमेकांत बसले तर चिकटावयाचे, न बसले तर सुटावयाचे, एवढ्यावरच सारे चालते. शिवाय गिरणीची इमारत वर्षानुवर्षे तीच असे. पेशीतील सूक्ष्मनलिका मात्र मोडतात आणि पुन्हा बांधल्या जातात. काही पेशींत तर मिनिटामिनिटाला. पुस्तकांतील आकृत्यांत पेशी कापलेल्या फळासारखी स्वस्थ पडलेली दिसते. त्या आकृतीवर विसंबून राहू नका.

आणि पाहणारा कोणी नाही म्हणूनच या मार्गांवरून चोरही जाऊ शकतो.

पिसाळलेला कुत्रा चावला, म्हणजे त्याच्या लाळेतून अलर्क रोगाचे, म्हणजे रेबीजचे, विषाणू जखमेत उतरतात. कुत्रा पायाला चावतो, पण रोग होतो मेंदूचा. इतक्या दूर हे विषाणू जातात कसे? ते काही काळ जखमेजवळच्या स्नायूत राहतात. मग तेथील चेतापेशीच्या टोकातून आत शिरतात, आणि डायनीन जो परतीचा माल कण्याकडे नेत असतो, त्यात तेही सामील होतात. हमाल बिचारा चोरालाही इमानाने ओढून नेतो! कण्यात पोचल्यावर ते एका चेतापेशीतून दुसरीत, असे करीत मेंदू गाठतात. एकदा रोगाची लक्षणे दिसू लागली की रोगी वाचणे जवळजवळ अशक्य असते. जगात दरवर्षी या रोगाने सुमारे ५९,००० माणसे मरतात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे, आणि मरणारांत दहांपैकी चार पंधरा वर्षांखालील मुले असतात. आपल्या देशाचा वाटा त्यात फार मोठा आहे.

परंतु या प्रवासाला वेळ लागतो. चावा आणि लक्षणे यांत बहुधा दोन ते तीन महिने जातात. कधी एक आठवडा, तर कधी वर्षही. चावा चेहऱ्याला किंवा मानेला असेल तर वाट थोडी, म्हणून धोका अधिक. बहुतेक लसी रोग जडण्याच्या आधी टोचाव्या लागतात. अलर्काची लस मात्र कुत्रा चावल्यानंतरही उपयोगी पडते, याचे कारण हेच की, विषाणू अजून वाटेवर असतात. लुई पाश्चर यांना या हमालांची काहीच माहिती नव्हती. तरी ४ जुलै १८८५ रोजी कुत्र्याने चावलेल्या जोझेफ मैस्टर नावाच्या नऊ वर्षांच्या मुलाला त्यांनी ६ जुलैपासून लस टोचविण्यास आरंभ केला, आणि तो मुलगा वाचला. परळच्या हाफकिन संस्थेत ही लस पुढे अनेक वर्षे तयार होत असे. १८९६ साली मुंबईत प्लेग आला, तेव्हा त्याची लस शोधणारे वाल्डेमार हाफकिन यांचे हे काम. त्यांची प्रयोगशाळा १८९९ साली परळच्या जुन्या राजभवनात आली, आणि १९२५ साली संस्थेस त्यांचे नाव देण्यात आले.

कुत्र्याने चावले किंवा ओरखडले, तर काही मुले घरी सांगत नाहीत. कुत्र्याला दगड मारल्याबद्दल बोलणी बसतील, किंवा सुई टोचतील, ही भीती. जखम लहान असते, दोन दिवसांत खपली धरते, आणि सारे विसरले जाते. विषाणू मात्र त्या खपलीखालून केव्हाच वाटेला लागलेले असू शकतात, आणि एकदा ते चेतातंतूत शिरले की त्यांना गाठणे फार कठीण होते. म्हणून पहिली गोष्ट पाण्याच्या नळाखाली करावयाची. जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पुरती पंधरा मिनिटे, घड्याळ लावून, धुवावी. तेथल्या तेथे पुष्कळ विषाणू नष्ट होतात. तीवर हळद, मिरची, चुना किंवा तेल लावू नये. मग त्याच दिवशी रुग्णालयात जावे. लस टोचल्यावर शरीराला स्वतःची प्रतिपिंडे तयार करण्यास एक ते दोन आठवडे लागतात. तेवढ्या काळात विषाणूंना वाटेवर चढू देऊ नये, म्हणून रक्त आलेल्या जखमेत तयार प्रतिपिंडांचे औषधही टोचतात. पहिल्या टोचणीचा दिवस शून्य धरतात. सरकारी रुग्णालयांत जी पद्धत बहुधा वापरतात, तीप्रमाणे तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी पुन्हा जावे लागते, जखम तोपर्यंत पूर्ण भरून आलेली असली तरीसुद्धा.